ड्युटीनंतरची वही : एका वॉर्डाच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, २ डिसेंबर २०२४

सकाळची ड्युटी संपवून नवी पेठेत गेले आणि आठ वह्या घेतल्या. शंभर पानी, युनिफॉर्मच्या खिशात मावतील अशा. सहा स्टाफ नर्स, एक ब्रदर म्हणजे पुरुष नर्स, आणि मी, वॉर्डाची इनचार्ज. उद्यापासून सोलापुरातल्या आमच्या हॉस्पिटलच्या मेडिकल वॉर्डात हा प्रयोग सुरू. ड्युटी संपली की घरी जाऊन पंधरा मिनिटं लिहायचं. अख्ख्या दिवसाचा हिशोब मांडायचा नाही. घरी येताना सात रस्ता चौकापर्यंत जो प्रसंग डोक्यातून गेला नाही, तेवढा एकच लिहायचा.

हे सुचलं ते ओव्हरमुळे, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या स्टाफला वॉर्डाची माहिती देतो त्यामुळे. ओव्हर देताना आम्ही पेशंटचं सगळं सांगतो. बीपी किती, युरिन आउटपुट किती, कुठलं अँटिबायोटिक किती वाजता गेलं, कोणाचे रिपोर्ट यायचेत. पण ज्या स्टाफने रात्रीचे बारा तास काढले तिचं काय झालं, हे कुठल्याच रजिस्टरला नसतं. दिवाळीनंतर दोन मुली नोकरी सोडून गेल्या. दोघीही जाताना 'घरची अडचण' म्हणाल्या. मी अर्जावर सही केली. खरं कारण मला आजही ठाऊक नाही, आणि ते मी विचारलं नाही याची टोचणी आहे.

पोस्ट बेसिक नर्सिंगच्या कोर्सला असताना मीही रिफ्लेक्टिव्ह जर्नल, म्हणजे आपल्याच अनुभवावर विचार करून लिहायची वही, लिहिलं होतं, मार्कांसाठी. मार्क मिळाले, वही रद्दीत गेली. सांगाडा मात्र लक्षात राहिला. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेलं सहा पायऱ्यांचं चक्र. ते मी आमच्या बोलीत उतरवून प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलं : काय झालं? तेव्हा मला काय वाटलं? त्यात बरं काय, वाईट काय? असं कशामुळे झालं? मला दुसरं काय करता आलं असतं? पुन्हा अशी वेळ आली तर मी काय करीन?

नियम दोन. पेशंटचं नाव, बेड नंबर, ओळख पटेल असं काहीही वहीत यायला नको. स्टाफचीही नावं नकोत. म्हणून या नोंदींतसुद्धा मी सगळ्यांना गावावरून लिहिते आहे : बार्शीची, मंगळवेढ्याची, अक्कलकोटची. वॉर्डात तसंही आमचं बोलणं असंच असतं. दुसरा नियम : औषधात, इंजेक्शनमध्ये चूक झाली तर ती आधी ड्युटी डॉक्टरांना सांगायची आणि इन्सिडंटच्या फॉर्मवर लिहायची. वही त्यानंतर. वहीत लिहिलं म्हणजे कळवलं असं होत नाही, हे मी तीनदा बजावलं.

गुरुवार, ५ डिसेंबर

ब्रदर म्हणाले, "ताई, बारा तासांनंतर पंधरा मिनिटं कुठून काढू?" त्यांचं चूक नाही. नाइट करून ते होटगीकडे शेतावर जातात. मी त्यांना बेंगळुरूमधल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. विप्रोमध्ये नव्याने लागलेल्यांचं ट्रेनिंग चालू असताना एका गटाला दिवसाची शेवटची पंधरा मिनिटं, आज काय शिकलो ते लिहायला दिली होती. दुसरा गट तेवढा वेळ काम करत राहिला. शेवटच्या परीक्षेत लिहिणाऱ्यांची कामगिरी जवळपास २३ टक्क्यांनी सरस होती. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधून २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. म्हणजे काम थांबवून लिहिलेली पंधरा मिनिटं वाया गेली नाहीत. ब्रदरनी ऐकून घेतलं आणि "बघतो" म्हणाले.

मंगळवेढ्याचीने विचारलं, "सिस्टर, हे वर जाणार का?" मी म्हटलं, नाही. आठवड्यातून एकदा फक्त मी बघीन, लिहिताय की नाही एवढंच. तिने मान डोलावली, पण डोळे वहीवरच होते.

सोमवार, ९ डिसेंबर

वह्या गोळा केल्या. आठही भरलेल्या. दुपारी चेंजिंग रूममध्ये बसून वाचल्या आणि खरंच भरून आलं. बार्शीचीने पहिल्यांदा कॅथेटर (लघवीची नळी) टाकतानाचं भय लिहिलंय. अक्कलकोटचीने एका आजोबांची दाढी करून दिली, तर त्यांनी आरसा मागितला, ते लिहिलंय. मी समासात लाल पेनाने 'छान', 'खूप छान', 'असंच लिही' असं लिहून वह्या परत दिल्या.

गुरुवार, १२ डिसेंबर

पाण्याचा दिवस. पहाटे पाणी आलं, पिंप-घागरी भरेपर्यंत ड्युटीची वेळ झाली. माझीच वही कोरी.

मंगळवार, १७ डिसेंबर

दुसऱ्यांदा वह्या वाचल्या. पहिल्या वेळी जे वाटलं ते या वेळी वाटलं नाही.

सगळ्यांचं लिखाण एकसारखं व्हायला लागलंय. तिघींनी कोणाला तरी धीर दिला आहे. दोघींना नातेवाइकांनी आशीर्वाद दिला आहे. एकाही वहीत चूक नाही, राग नाही, कंटाळा नाही. चोवीस बेडच्या वॉर्डात, रात्री दोनच स्टाफ असताना, आठवडाभर कोणाचीच चिडचिड झाली नाही? बार्शीचीची भीतीही आता गेलेली. ब्रदरच्या वहीत सहा दिवसांच्या सहा नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या दिसतात. सहा प्रश्न, सहा ओळी, संपलं.

मी त्यांना बाजूला घेतलं. रागावले नाही, खरं सांगा म्हटलं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही वाचणार म्हटल्यावर तुम्हाला आवडेल तेच लिहिणार ना. तुम्ही आमचा ड्युटी चार्ट लावता."

घरी येईपर्यंत ते वाक्य सोबत होतं. ज्या पानावर मी 'छान' लिहिलं, त्याच तऱ्हेची पानं पुढच्या आठवड्यात वाढली. माझ्या लाल पेनाने त्यांना काय लिहायचं ते शिकवलं. कॉलेजात माझ्या वहीचं जे झालं होतं, तेच मी या मुलींच्या वह्यांचं केलं.

उद्या सगळ्या वह्या परत देणार. यापुढे मागणार नाही, उघडणार नाही, लिहिताय का असंही विचारणार नाही. मग प्रकल्प चालला की नाही हे कळायचं कसं? कळणार नाही. मला माझी वही तेवढी वाचता येईल. तेव्हा यापुढच्या नोंदी बहुतेक माझ्याच वहीच्या.

रविवार, २२ डिसेंबर

काल स्टाफ कमी म्हणून नाइट मीच घेतली. जे झालं ते वहीत लिहिलं, तसंच्या तसं इथे उतरवते.

*"कर्नाटकातल्या इंडी तालुक्यातल्या आजी. उलट्या-जुलाबाने गळून गेलेल्या. सलाईन चालू होतं. मराठी अजिबात येत नाही. नात रात्री घरी गेलेली. दोनच्या सुमारास आजी सारखं 'काय, काय' करत होत्या. काही नाही आजी, झोपा, असं सांगितलं. तीन-चार वेळा असंच झालं. शेवटी आवाज चढला. साडेपाचला ब्लड घेताना पांघरूण काढलं तर हात कोपरापर्यंत सुजलेला. सलाईन आउट गेलेलं लक्षात आलं नाही. लगेच बंद केलं, सुई काढली, हात उशीवर उंच ठेवला, डॉक्टरांना कळवलं, फॉर्म भरला. दुसऱ्या हाताला मी पहिल्याच प्रयत्नात व्हेन घेतली. सकाळी अक्कलकोटची ड्युटीवर आली, तिने आजींशी बोलून सांगितलं : त्या 'काय' म्हणत नव्हत्या, 'कै' म्हणत होत्या. कन्नडमध्ये कै म्हणजे हात."*

नोंद इथेच संपते. (सलाईन आउट जाणं म्हणजे ते नसेबाहेर जाणं. व्हेन म्हणजे नस.) सहापैकी पुढचे प्रश्न लिहिलेच नाहीत. थकवा होता, आणि दुपारी झोपायचं होतं.

बुधवार, १ जानेवारी २०२५

दहा दिवसांत तीन नोंदी. वॉर्ड भरलेला. पुढे.

सोमवार, १३ जानेवारी

आज सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा. गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, अख्खं सोलापूर लोटलेलं, सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूचे रस्ते बंद. ब्रदर रजेवर. त्यांच्या घरातून यात्रेतले नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, पेलायला जातात, महिनाभर सराव चालू होता. दुपारच्या स्टाफला वॉर्डात पोहोचायला साडेतीन झाले. आम्ही सकाळपासून तिघीच. दोन वाजताची इंजेक्शनं पावणेतीनला गेली.

एका पेशंटच्या मुलाने उशीर का म्हणून विचारलं. नीट विचारलं होतं, आवाज खाली होता. मी जे उत्तर दिलं ते मला इथे लिहायलाही लाज वाटते. त्याच्या वडिलांसमोर बोलले. नंतर जाऊन माफी मागितली, तोवर त्याने तक्रार लिहून दिली होती. त्याची तक्रार योग्य आहे. इंजेक्शनच्या उशिराचा फॉर्म संध्याकाळी मीच भरला.

गुरुवार, १६ जानेवारी

ऑफिसमध्ये बोलावणं आलं. तक्रारीबद्दल विचारलं, मी जे घडलं ते सांगितलं. मग म्हणाले, "तुमच्या स्टाफच्या डायऱ्या आहेत म्हणे. त्या आणून द्या."

माझे हात गार पडले. मी म्हटलं, वह्या घरी आहेत, ज्याच्या त्याच्या आहेत. त्यात पेशंटचं नाव नाही. जे कळवायला हवं ते केस पेपरवर आणि इन्सिडंटच्या फॉर्मवर आहे, माझ्या सहीसकट. वह्या मी स्वतः वाचत नाही, तर तुम्हाला कशा देऊ? थोडा वेळ शांतता. "ड्युटीच्या वेळेत हे उद्योग नकोत," एवढ्यावर विषय थांबला.

संध्याकाळपर्यंत बातमी वॉर्डभर झाली. मंगळवेढ्याच्या मुलीने वही फाडून टाकली. मला येऊन सांगितलं, लपवलं नाही. मी तिला काय म्हणणार? तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, वर जाणार का म्हणून. तिच्यावर आई-वडील आणि धाकटा भाऊ अवलंबून आहेत. चूक कागदावर उतरवायची म्हणजे तिच्यासाठी नोकरीशी खेळ आहे, आणि तिची ही भीती मी हलकी समजले होते. वहीला कुलूप आहे असं मी मनात धरून चालले, कुलूप मात्र कोणाच्याच हातात दिलं नव्हतं.

नवा पर्याय सगळ्यांना सांगितला : लिहा, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं एका चिठ्ठीवर उतरवून ठेवा, आणि हवं तर पान फाडा.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन करून घरी आले. सुट्टी. मुलगी दहावीच्या अभ्यासाला बसली होती, हे एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात. घर शांत होतं. पहिल्या पानापासून माझी वही वाचून काढली. एकतीस नोंदी.

लिहिण्यापेक्षा वाचणं जड गेलं.

सुरुवातीला नुसती वाचत होते. मग आजींची नोंद आली आणि 'आवाज चढला' या शब्दांवर नजर थांबली. कोणाचा आवाज चढला? आणि 'सलाईन आउट गेलेलं लक्षात आलं नाही'. कोणाच्या लक्षात आलं नाही? त्याच परिच्छेदाच्या शेवटी मात्र 'मी पहिल्याच प्रयत्नात व्हेन घेतली'. तिथे 'मी' आहे.

पेन्सिल घेऊन पुन्हा पहिल्यापासून निघाले. जिथे माझ्याकडून काही चुकलं ती वाक्यं अधोरेखित केली : 'टेंपरेचर घ्यायचं राहून गेलं.' 'जरा जास्तच बोललं गेलं.' 'ओव्हरमध्ये सांगायचं सुटलं.' 'उशीर झाला.' 'वाद झाला.' आणि जिथे काही बरं झालं : 'मी डॉक्टरांना वेळेत कळवलं.' 'मी तिला समजावलं.' 'मी थांबून सगळं करून घेतलं.' चुकांची वाक्यं तेवीस निघाली. त्यांतल्या चारच वाक्यांत 'मी' होते. बाकीच्या ठिकाणी चुका आपोआप घडत होत्या, पाऊस पडावा तशा.

आपल्या भाषेत ही सोय फार आहे. राहून गेलं, होऊन गेलं, निसटलं, बोललं गेलं. रोज बोलताना ती गरजेचीही असते, समोरच्याला वाचवायला, स्वतःला सावरायला. आई म्हणायची, "दूध उतू गेलं," आणि कोणी कोणाला दोष द्यायचं नाही. पण जी वही मी एकटी वाचणार, तिच्यातही मी स्वतःपासून लपले होते, आणि दोन महिने मला त्याचा पत्ता नव्हता.

मग आजींची नोंद नव्याने लिहिली. मुद्दाम 'मी' ने.

*"मी आजींच्या हाताकडे पाहिलं नाही. थेंब पडत होते, ते मी पाहिले आणि सलाईन नीट चाललंय असं समजले. त्या हात म्हणत होत्या, मी 'काय' ऐकलं, कारण मला मराठी ऐकायची सवय. मी चौथ्या वेळी त्यांच्यावर ओरडले. त्या गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या तेव्हा मला बरं वाटलं."*

शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मी बराच वेळ उठले नाही. तीन तास सुजत गेलेला हात घेऊन ती बाई गप्प पडून राहिली, कारण मी तिला गप्प केलं. हे मला २२ डिसेंबरलाही माहीत असणार. लिहिलं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर, 'मी' लिहिल्यावरच पुढचे प्रश्न लिहिता आले. 'सलाईन आउट गेलं' याला 'पुन्हा वेळ आली तर काय करीन' असं विचारता येत नाही, सलाईन काय करणार? 'मी हात पाहिला नाही' याला उत्तर लगेच आलं. असं कशामुळे झालं, तेही लिहिलं : डिसेंबरची थंडी, हात पांघरुणात. सुईवर चिकटपट्टीचे इतके थर की खालची कातडी दिसत नाही. त्या कोपऱ्यातला दिवा रात्री बंद. थेंब पडत असले तरी सलाईन नसेबाहेर जात असू शकतं, हे मी विद्यार्थिनींना शिकवते, आणि त्या रात्री थेंबांवरच विसंबले. म्हणजे माझी चूक आणि वॉर्डाची अडचण, दोन्ही एका पानावर आल्या. आधीच्या नोंदीत दोन्ही नव्हत्या.

आणखी एक दिसलं. माझ्या चिडण्याच्या सहा नोंदींपैकी पाच अशा दिवसांच्या आहेत, जेव्हा मी सलग सहा तास काही खाल्लं नव्हतं. १३ तारखेलाही डबा तसाच परत आला होता. याला मी इतकी वर्षं 'माझा स्वभाव' म्हणत होते.

सोमवार, ३ फेब्रुवारी

नव्या नोंदीतून निघालेली कामं. रात्री दर दोन तासांनी सलाईनचा हात पांघरुणाबाहेर काढून पाहायचा, दुसऱ्या हाताशी ताडून : सूज आहे का, कातडी ताणलेली आहे का, गार लागते का. चिकटपट्टी कमी. पारदर्शक ड्रेसिंगसाठी इंडेंट, म्हणजे स्टोअरकडे मागणी, दिलं. कोपऱ्यात छोटा दिवा लागला.

आमच्या वॉर्डात विजापूर, इंडी, अक्कलकोट, कलबुर्गीकडचे पेशंट कायम असतात. मी बार्शीकडची, मला कन्नड कामापुरतंही कधी आलं नाही, आणि इतकी वर्षं मी ते कोणा मावशींवर सोडून दिलं. आता अक्कलकोटची आणि आमच्या मावशी यांनी मिळून देवनागरीत यादी केली. औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून लावलीय. कै : हात. कालु : पाय. तले : डोकं. होट्टे : पोट. एदे : छाती. उसिरु : श्वास. नीरु : पाणी. नोवु : दुखणं. मावशींनी प्रत्येक शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला आणि 'उसिरु' चुकला तेव्हा चौथ्यांदाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

बार्शीची. हे सविस्तर लिहायला हवं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्या नाइटला एक पेशंट गेला. तिच्या वडिलांच्या वयाचा. तेव्हापासून ती कोमेजलेली. मीच तिला म्हटलं होतं, "लिहीत राहा, मोकळी होशील." आज ती ओव्हरनंतर थांबली. डोळ्यांखाली काळं. म्हणाली, "ताई, रोज लिहिते. लिहिलं की जास्तच रडू येतं. झोपच लागत नाही." किती दिवस? सतरा. एकाच रात्रीबद्दल. तिने आपणहून सांगितलं की प्रत्येक वाक्य 'का' ने सुरू होतं. मी पाच मिनिटं आधी का गेले नाही. मी का नाही ओळखलं. मलाच का.

माझा सल्ला अर्धवट होता. मनातलं दुःख लिहिण्यावर मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी केलेला प्रयोग मला माहीत होता. १९८६ साली प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या मुलांनी आयुष्यातल्या सगळ्यात वेदनेच्या प्रसंगाबद्दल लिहायचं होतं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहिल्या-लिहिल्या उलट जास्त वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांना डॉक्टरकडे कमी वेळा जावं लागलं. मी एवढंच लक्षात ठेवलं. रोज पंधरा मिनिटं आणि फक्त सलग चार दिवस, हे विसरले. सतरा दिवस तोच प्रसंग त्याच शब्दांत उगाळणं म्हणजे मनन नव्हे. मी तिला जखमेवरची खपली रोज काढायला सांगत होते. हे माझ्याकडून 'झालं' नाही, मी केलं.

आज काय केलं : त्या रात्रीबद्दल लिहिणं बंद, हे तिला स्पष्ट सांगितलं. लिहायचंच असेल तर एकदाच, आणि 'मी' ऐवजी 'ती सिस्टर' असं. वॉर्डाच्या दारात उभं राहून कोणी दुसरीने पाहावं तसं. त्या सिस्टरला त्या मिनिटाला काय माहीत होतं, तिच्या हातात काय होतं, बाकी बेडवर काय चाललं होतं. स्वतःकडे असं थोडं लांबून, स्वतःचं नाव घेऊन पाहिलं की माणूस कमी होरपळतो, यावर मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांचं बरंच संशोधन आहे. गंमत म्हणजे माझ्यासाठी औषध 'मी' होतं, आणि हिच्यासाठी 'मी' पासून सुटका. एकाच वहीत दोन्हींना जागा हवी, हे मला आज समजलं.

तेवढ्यावर सोडलं नाही. दुपारी तिला आमच्या फिजिशियन सरांकडे नेलं. सरांनी तो केस पेपर काढला आणि तासा-तासाने नव्हे, मिनिटा-मिनिटाने तिच्यासमोर ठेवला. ईसीजी कधी, कॉल कधी, काय दिलं, काय करता येण्यासारखं होतं आणि काय नव्हतं. ती पहिल्यांदा प्रश्न विचारायला लागली. तिच्या 'का' चं उत्तर तिच्या वहीत सापडणार नव्हतंच, ते केस पेपरमध्ये होतं आणि ते वाचून दाखवणारं माणूस लागत होतं. झोपेसाठी सरांनी पुन्हा दोन दिवसांनी बोलावलंय. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी तिच्या फोनमध्ये घालून दिला. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बार्शीची दोन रात्री सलग झोपली. तिने वही आईकडे ठेवायला दिलीय. या महिन्यात तिला नाइट लावणार नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

मंगळवेढ्याची आज स्वतः बोलली. ती पान लिहिते, दुसऱ्या दिवशी वाचते, फाडते. चिठ्ठ्या मात्र रुमालात बांधून ठेवल्यात. एक दाखवली : 'रक्त घेताना बोलत राहायचं नाही, नाव विचारायचं आणि लेबल तिथेच लावायचं.' मी काही विचारलं नाही. तिने पुन्हा रुमाल बांधला.

रविवार, ९ मार्च

तीन महिने झाले. जे ज्यांनी आपणहून सांगितलं तेवढंच लिहिते. चौघी लिहितात, रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा. अक्कलकोटची कन्नडमध्ये लिहिते, पण देवनागरी अक्षरात, कारण शाळा मराठी आणि घर कन्नड. म्हणाली, रडायचं असलं की कन्नडच येतं. ब्रदरनी लिहिणं सोडलं. ते होटगीपर्यंत गाडीवर जाताना मनातल्या मनात शेवटचा एकच प्रश्न विचारतात, असं म्हणाले. मला ते पुरेसं वाटतं. वह्या परत दिल्यापासून दोघींनी वही उघडलेलीच नाही, आणि त्यांच्यावर माझं काही म्हणणं नाही.

डबा मी आता अकरा वाजता खाते, वॉर्डात काहीही चालू असो, पाच मिनिटं. चिडणं थांबलेलं नाही. कमी आहे.

काल संध्याकाळी घरी गेले तर मुलगी पेपर तोंडावर असताना मोबाइल घेऊन बसलेली. मी तिच्या हातातून मोबाइल ओढला आणि ज्या आवाजात बोलले तो आवाज मला ओळखीचा होता, २१ डिसेंबरच्या रात्रीचा. ती गप्प झाली. आणि गप्प झाल्यावर मला बरं वाटलं नाही. भाकरी टाकेपर्यंत मी 'वाद झाला' असंच म्हणत होते, मनात. मग तव्याखालचा गॅस बंद करून आत गेले आणि तिला म्हटलं, "मी ओरडले तुझ्यावर. मी आधी विचारायला हवं होतं." ती मैत्रिणीकडून नोट्सचा फोटो मागवत होती. तिने फोटो दाखवला. मी तिच्याशेजारी बसून तो वहीत उतरवून दिला. भाकऱ्या उशिराच झाल्या.

उद्याची कामं : पारदर्शक ड्रेसिंगचं इंडेंट पुन्हा द्यायचं, अजून आलेलं नाही. कपाटाच्या दारावरची यादी ओलीने फाटलीय, मावशींकडून नवी करून घ्यायची, त्यात 'निद्दे' म्हणजे झोप हा शब्द वाढवायचा. वह्या या वेळी चारच आणायच्या.